मनुष्य, यंत्र आणि चूक

(महिला मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)



मागच्या सभेनंतर चहाच्या वेळी एका भगिनीने मला दोन प्रश्न विचारले. त्यांचे यजमान नुकतेच 'तिपुल निमरात्स'मधून, म्हणजे अतिदक्षता विभागातून, परमेश्वरकृपेने सुखरूप घरी आले होते. त्या म्हणाल्या, "तिथे जिकडे पाहावे तिकडे यंत्रे. श्वास यंत्र देते, औषध यंत्र सोडते, नाडी यंत्र मोजते. मग नर्सला काम तरी काय उरले? आणि एवढी यंत्रे असताना चुका होतात त्या कशा?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी हसून दिले. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी आज उभी आहे, आणि ते देताना मला स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल.

मी ज्या इस्पितळात नोकरी केली त्याचे नाव घेत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक तरुण नर्स होती. आपल्याच समाजातील, हुशार आणि कष्टाळू. एका रात्री तिने एका रोग्याला हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, पंपाने लावले. ताशी साडेबारा मिलिलिटर द्यायचे होते. थोड्या वेळाने मी फेरीवर गेले तेव्हा बाटली भराभर रिकामी होत होती. पंपावर आकडा होता १२५. मी पंप बंद केला, डॉक्टरांना बोलावले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, रात्रभर आम्ही त्या माणसावर लक्ष ठेवून होतो. त्याला काही अपाय झाला नाही. मुलगी रडत सांगत होती की तिने टिंबाची कळ दाबली होती. मी म्हणाले, सबबी सांगू नकोस. सकाळी अहवालात मी एकच शब्द लिहिला, 'रशलानुत'. निष्काळजीपणा. काही महिन्यांत तिने नर्सिंग सोडले.

आता दुसरी घटना, जी कोणत्याही अहवालात नाही. ती माझी आहे. या देशात येऊन मला फार वर्षे झाली नव्हती. डॉक्टरांनी खोलीच्या दारातूनच डोपामिनचा वेग सांगितला, 'शेवा'. मी ऐकले 'तेशा'. सातचे नऊ झाले. थोड्याच वेळात रोग्याची नाडी वाढलेली दिसली, मी कागद उघडून पाहिला आणि मुकाट्याने वेग कमी केला. मनाला समजावले की माझे हिब्रू अजून कच्चे आहे, त्यात माझा काय दोष? स्वतःच्या चुकीला मी कारण दिले, आणि त्या मुलीच्या चुकीला नाव दिले. हा फरक मला पुष्कळ वर्षे दिसलाच नाही. निवृत्तीनंतर हातात वेळ आला, वाचन वाढले, आणि ज्या विद्येने तो दाखवला तिची ओळख आज करून देते.

या विद्येला हिब्रूत 'हंदसात एनोश' म्हणतात. मराठीत मानव-अभियांत्रिकी म्हणू. माणसाचे डोळे, कान, स्मरण आणि अवधान कसे चालते, कोठे थकते, कोठे फसते, हे मोजायचे आणि यंत्र व काम त्या मापाने बेतायचे. शिंपी अंगाचे माप घेऊन कपडा शिवतो. कपड्यात मावावे म्हणून अंग कापत नाही. इतकी साधी ही गोष्ट आहे, पण ती मान्य व्हायला एक महायुद्ध लागले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमाने सुखरूप धावपट्टीवर उतरत आणि उतरल्यावर वैमानिक चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर आपटे. अहवालात लिहिले जाई, 'वैमानिकाची चूक'. अल्फॉन्स शापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बी-१७ विमानाच्या कक्षात बसून पाहिले. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका एकमेकांशेजारी, आणि दिसायला जुळी भावंडे! थकलेला माणूस एक समजून दुसरा ओढत होता. शापानिसने एका मुठीला चाकाचा आकार दिला, दुसरीला झडपेचा. न पाहता, नुसत्या स्पर्शाने फरक कळू लागला. पुढे १९४७ साली फिट्स आणि जोन्स या दोघांनी वैमानिकांकडून अशा ४६० 'चुका' गोळा करून त्यांची वर्गवारी केली. सर्वांत मोठा वर्ग हाच निघाला, एका खटक्याच्या जागी दुसरा. वैमानिकांना रागावून ही चूक थांबण्यासारखी नव्हती.

आपल्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. ती आज्ञा घरमालकाला आहे. गच्चीवर येणाऱ्या पाहुण्याने पाय जपून टाकावा, असे तिथे म्हटलेले नाही.

आपल्या इस्राएलमध्ये ही विद्या लवकर रुजली, कारण येथे वैमानिक तयार करणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १९७१ साली, म्हणजे ज्या वर्षी मला मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा मिळाला त्याच वर्षी, दानिएल गोफेर आणि दानिएल काहनेमान यांनी उड्डाण शिकणाऱ्या तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहनेमान यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगात दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळे संदेश ऐकवीत. एका कानाकडे लक्ष द्यायचे, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचे, आणि खूण होताच लक्ष दुसऱ्या कानाकडे वळवायचे. ज्यांना हे वळवणे नीट साधे ते पुढे उड्डाणाच्या शिक्षणातही बरे ठरत. हे वाचताना मला वॉर्ड आठवला. एका कानात डॉक्टरांचा हुकूम, दुसऱ्यात यंत्राची घंटा, आणि पाठीमागे रोग्याची बहीण विचारत असते की याला चहा दिला तर चालेल का?

गोफेर पुढे हैफाच्या टेक्निऑनमध्ये प्राध्यापक झाले. जेरुसलेमच्या हदासा इस्पितळातील भूलतज्ज्ञ योएल दोनखिन आणि टेक्निऑनची मंडळी यांनी मिळून अतिदक्षता विभागाचा जो अभ्यास केला तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा हाच अभ्यास आहे. मी स्वतः हदासात कधी काम केलेले नाही, पण त्यातली पाने वाचताना मला प्रत्येक खाट ओळखीची वाटली.

त्यांनी दोन कामे केली. एक म्हणजे, चार महिने डॉक्टर आणि नर्स यांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला आढळलेली प्रत्येक चूक लगेच नोंदवायची. दुसरे म्हणजे, मानव-अभियांत्रिकीचा अनुभव असलेल्या निरीक्षकांनी निवडक रोग्यांच्या खाटेशी पूर्ण चोवीस तास राहून, त्या रोग्यासाठी कोण काय करते ते सर्व लिहून काढायचे. नुसत्या चुका मोजून भागत नाही. शंभर कामांत एक चूक आणि दहा कामांत एक चूक यांचा अर्थ निराळा असतो, म्हणून एकूण कामेही मोजावी लागतात.

एका रोग्यासाठी एका दिवसात सरासरी १७८ कामे होत होती. कूस बदलणे, नळी साफ करणे, रक्त घेणे, औषध भरणे, पंप लावणे, नोंद करणे, सगळे धरून. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे, भगिनींनो. यंत्रांनी नर्सचे काम कमी केलेले नाही. प्रत्येक यंत्र आपली कामे सोबत घेऊन आले. आणि या १७८ कामांत अंदाजे १.७ चुका. म्हणजे शंभर कामांत एक. आपल्या स्वयंपाकघरात शंभरांत एकच चूक होत असेल तर आपण स्वतःला शाबासकी देऊ. पण चार महिन्यांत नोंदलेल्या चुका ५५४ झाल्या, आणि संपूर्ण विभाग मिळून गंभीर किंवा गंभीर ठरू शकेल अशी चूक दिवसाला सरासरी दोनदा घडत होती.

चुकांचा वाटा डॉक्टर आणि नर्स यांत जवळजवळ सारखा निघाला, जरी नर्सची कामे कितीतरी अधिक होती. हे वाचून मी प्रथम मनातल्या मनात टाळी वाजवली, हे कबूल करते. चाळीस वर्षे डॉक्टरांची बोलणी ऐकलेल्या बाईला एवढा आनंद माफ असावा. पण आकड्याकडे पुन्हा पाहिले तेव्हा तो आनंद टिकला नाही. डॉक्टर येतो, थोडा वेळ थांबतो, निर्णय देतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. रोग्याचा रंग तासाभरात कसा पालटला हे नर्सला ठाऊक असते. एकाकडे माहिती, दुसऱ्याकडे अधिकार. मध्ये पूल हवा, आणि तो पूल म्हणजे बोलणे.

अभ्यासातील सर्वांत बोचणारा आकडा याच पुलाविषयी आहे. डॉक्टर आणि नर्स यांचे एकमेकांशी तोंडी बोलणे एकूण कामांपैकी फक्त २ टक्के वेळा आढळले. आणि नोंदलेल्या चुकांपैकी ३७ टक्के चुकांचा संबंध तोंडी बोलण्याशी होता. माझे 'शेवा' आणि 'तेशा' त्या ३७ टक्क्यांतलेच. तोपर्यंत मी ती माझ्या कानाची किंवा माझ्या हिब्रूची उणीव समजत होते. वास्तविक येथे जन्मलेल्या माणसांचाही या दोन शब्दांत टेलिफोनवर घोटाळा होतो. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर म्हणून पाहा. खोलीच्या दारातून, घंटा वाजत असताना, एकदाच उच्चारलेला आकडा हा दोन जुळ्या खटक्यांसारखाच असतो.

यावर उपाय फार स्वस्त आहे. ज्याने हुकूम ऐकला त्याने तो आकड्यासह मोठ्याने परत म्हणायचा, आणि देणाऱ्याने होकार दिल्याशिवाय हात चालवायचा नाही. त्या रात्री मी "तेशा?" असे विचारले असते तर दोन सेकंदांत काम झाले असते. का विचारले नाही? आम्ही मुंबईत शिकत होतो तेव्हा डॉक्टर वॉर्डमध्ये आले की नर्सने उठून उभे राहायचे, हात मागे बांधायचे. पुन्हा विचारणे म्हणजे लक्ष नव्हते याची कबुली. विमानतळावरील मनोऱ्याचा हुकूम वैमानिक परत उच्चारतो त्यात त्याचा कमीपणा नसतो. आम्हाला मात्र तो वाटे.

आणि गंमत अशी की हीच रीत आपण दर शब्बाथला डोळ्यांनी पाहतो. सेफेर तोरामध्ये स्वरचिन्हे नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत. वाचणारा कितीही विद्वान असो, त्याच्या शेजारी एक जण छापील पुस्तक घेऊन उभा असतो आणि शब्द चुकला की तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करतो. वाचणारा तो शब्द नीट म्हणतो आणि पुढे जातो. सगळी जमात ऐकते, आणि किद्दूशच्या वेळी त्याबद्दल कोणी त्याला निष्काळजी म्हणत नाही. लहानपणापासून मी हे पाहत आले, पण वॉर्डात त्याचा उपयोग करावा हे मला सुचले नाही.

आता पंपाकडे वळते, कारण त्या मुलीचा प्रश्न पंपाचा होता. वेल्समधील स्वान्झी विद्यापीठाचे हॅरल्ड थिंबलबी यांनी पॉल केर्न्स यांच्याबरोबर २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. विषय एकच, माणसे यंत्रात आकडे कसे घालतात. त्यांना आढळले की आकडा घालताना माणूस चुकणार हे ठाऊक असूनही फार थोडी यंत्रे ती चूक ओळखण्याचा किंवा अडवण्याचा प्रयत्न करतात. एखादी चुकीची कळ दाबली गेली तर यंत्र थांबत नाही. स्वतःच्या मनाने काहीतरी अर्थ लावून पुढे जाते. टिंब सुटणे किंवा शून्य जास्त पडणे यामुळे होणाऱ्या चुकीला त्यांनी 'दहापटीची चूक' म्हटले आहे. साडेबाराचे एकशेपंचवीस. यंत्राची मांडणी सुधारली तर अशा चुकीची शक्यता निम्म्यावर आणता येते, असे त्यांनी गणिताने दाखवले.

त्याच गटाच्या पुढील प्रयोगांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट दिसली. टेलिफोनसारख्या अंकांच्या कळा असतील तर माणसाची नजर कळांवर राहते आणि पडद्याकडे तो कमी पाहतो. वर-खाली बाणांच्या कळा असतील, म्हणजे आकडा एकेक करून वाढवायचा असेल, तर नजर आकड्यावर खिळते आणि चूक तिथेच पकडली जाते. बाणांना वेळ थोडा अधिक लागतो. इस्पितळासाठी पंप विकत घेणारी समिती मात्र, माझ्या आठवणीप्रमाणे, किंमत विचारत असे. कळा कोणत्या आहेत हे आम्हाला कोणी कधी विचारले नाही.

आमच्या त्या पंपाची टिंबाची कळ हजारो बोटांनी झिजलेली होती. ती जोराने दाबावी लागे हे जुन्या नर्सना ठाऊक होते, नव्यांना कोणी सांगत नसे. नीट घातलेले टिंबसुद्धा पडद्यावर राईएवढे दिसे. शिवाय मन जे अपेक्षिते तेच डोळे पाहतात. साडेबारा घातले आहे अशी जिची खात्री आहे, तिला रात्री तीन वाजता १२५ मध्येही साडेबाराच दिसतात. आजच्या नव्या पंपांत प्रत्येक औषधाची मर्यादा आधीच भरून ठेवतात आणि दहापट वेग घातला की पंप हटून बसतो. हा त्या गच्चीचा कठडाच होय. मात्र कठडा झाला म्हणून सर्व मिटले असे नाही. यंत्र उठसूट हटू लागले, दर दोन मिनिटांनी विनाकारण घंटा वाजवू लागले, तर नर्सचा हात आपोआप घंटा बंद करण्याच्या कळीकडे जातो. मीही तसे केले आहे. अतिदक्षता विभागातील बहुतेक घंटांवर काही करण्याची गरज नसते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. पण कोणत्या घंटेवर धावायचे हे घंटा सांगत नाही.

येथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण नर्स नाहीत, पण खाटेशेजारच्या खुर्चीवर बसण्याची वेळ प्रत्येकावर आली आहे. तुमच्यासाठी एक अभ्यास सांगते. सिडनीच्या दोन इस्पितळांत जोहाना वेस्टब्रुक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ नर्सना औषधे देताना पाहिले. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. औषध काढत असताना नर्सला कोणी मध्येच थांबवले की प्रत्येक वेळी चुकीची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होती. आपल्या समाजात आजाऱ्याला भेटणे हे पुण्य, आणि आपण एकटे जात नाही, डबा घेऊन आठ-दहा जण जातो. नर्स औषधांच्या गाडीपाशी उभी असेल तेव्हा तिला चादर मागू नका, डॉक्टर कधी येणार हे विचारू नका. गाडी पुढे गेली की विचारा. उलट, तुमच्या माणसाला औषध देताना ती जवळ आली की "हे कोणते, किती?" असे अवश्य विचारा. तो व्यत्यय नव्हे. तोराच्या वाचनाशेजारी उभे राहण्यासारखे ते आहे. आणि घरी डॉक्टरांनी फोनवर गोळी बदलली तर नाव आणि आकडा परत म्हणून दाखवा, अंक सुटे करून. पन्नास म्हणालात की पाठोपाठ "पाच, शून्य" म्हणा. इन्सुलिनचे पेन वापरणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

ती मुलगी मला गेल्या वर्षी एका मेहंदीच्या समारंभात भेटली. आता मुलगी कसली, तिला नातवंडे आहेत. मी तिला बाजूला घेतले आणि विचारले की त्या रात्री नेमके काय झाले ते सांगशील का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी टिंब दाबले होते. कळ बसली नाही. पडद्याकडे पाहिले तेव्हा मला बाराच्या पुढे टिंब दिसले, खरेच दिसले. मी तुम्हाला तेव्हाही हेच सांगत होते."

मी तिला स्वान्झीच्या निबंधाविषयी सांगितले. तिने तो पाठवायला सांगितला. तिची धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला वाचायला देणार आहे.